भट्टीत हवा किती

—न्हाय न्हाय मॅडम, लॅपटॉप तिकडं पोत्यावर ठिवा, इथं राख उडती. काय म्हणलात, सिम्युलेशन? व्हय, ऐकलंय की! म्हंजी पुण्यात एसीत बसून तामलवाडीची भट्टी पेटवायची — ना धूर, ना हात पोळायचा. झ्याक हाय. आमाला बी द्या एक.

अवो, तीस वर्सं गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घातलाय ह्या लिंबाजीनं — आन तुमी मला हवा शिकवणार? कळतं की मला! इथं तुराट्या भडाभडा जाळायच्या न्हाईत, हवेवाचून अर्धपोटी ठिवायच्या, मंग गॅस निघतो, त्याच्यावर इंजन चालतं. गॅसात ऑक्सिजन दोन टक्क्याच्या वर गेला की भडका — ते मीटर सांगतं. सांगतं कसलं, बोंबलतं! तुराट्या जरा दमट निघाल्या की पिप् पिप्, भट्टी बंद. दिवसातनं धा बारी! मंग वायर काढली. कुणी म्हंजी? म्याच, दुसऱ्या कुणाला अक्कल हाय इथं? नुस्त्या वासावर सांगतो म्या गॅस कसा हाय ते.

माझ्यासंगं भट्टीवर असणाऱ्या रणधीरचं म्हणाल तर — वाईट झालं. मंगळवारी भडका उडाला तवा वर शिडीवर, झाकणापाशी त्योच हुता. तोंड भाजलं, दोनी हात भाजले. त्याची बायको, दैवशाला, मला रोज फोन करती — काका, साहेब म्हणत्यात चूक ह्यांचीच, नोकरी बी गेली, तुमी तरी बोला. काय बोलू? रिपोर्टात लिवलंय, रणधीरनं हवेचा व्हॉल्व जादा उघडला. लिवलंय तर आसंल. माणूस गुणाचा, पर घाईचा. आन जाळ मंदावला की गुऱ्हाळात काय करत्यात? सळईनं ढोसायचं, वारं द्यायचं, जाळ उठतो. आमच्या आज्यापासनं हेच चाललंय. तुमची भट्टी वारं दिलं की अंगावर येती — ही कसली भट्टी!

हं? मंगळवारचं काय दिसतंय त्या लॅपटॉपात? व्हॉल्व जागच्या जागी? मंग हवा कुठनं — खालचं सळईनं ढोसायचं भोक? चार मिनिटं उघडं? हॅट! ह्येच का तुमचं कंपूटर? चार मिनिटं कुठली, दोन बी न्हाय झाली, म्या सळई आत घातली आन लगीच —

…

लिवू नका ते. मिटा ते डबडं. दैवशालाला सांगू नका. जावा तुमी, जावा.