आक्काच्या देवघरातली सिगार

आमच्या आक्काच्या देवघरात सिगार हाय म्हटलं की लोक हसतात. हसा, पण आधी ऐका.

दाजींना विमानाची भीती, म्हणून क्युबाच्या सहलीला निपाणीहून आक्का माझ्यासंगं आलती. हवानात आमच्या मराठी गाइडनं सगळ्यांना एका बाईच्या घरी जेवायला नेलं. तिथं कोपऱ्यात कुबड्या घेतलेल्या म्हाताऱ्याची मूर्ती होती, पायाशी कुत्री. आक्कानं लगेच चपला काढून हात जोडले.

"अगं, हे आपले दत्त न्हवंत," मी कुजबुजलो.

"कुत्री दिसत न्हाईत व्हय रं तुला?"

गाइड म्हणाला, "मावशी, हे आजारी माणसांचे संत. लोक त्यांच्यापुढं सिगार ठेवतात."

"मग हिच्या घरात कोण आजारी हाय?"

गाइडनं तसं विचारलं. हसतमुखानं वाढणाऱ्या त्या बाईचा हात थांबला. तिचा मुलगा दवाखान्यात होता, आणि आम्ही आपले तिच्या भाताचे फोटो काढत बसलेलो.

आक्कानं पर्समधून दत्ताच्या वाडीच्या अंगाऱ्याची पुडी काढली, बाईच्या कपाळाला अंगारा लावला. बाईनं तिला मिठी मारली आणि संतापुढची सिगार उचलून तिच्या हातात दिली.

घरी दाजी भडकले. "माझी बिडी अंगणात आन् हिची सिगार देवघरात?"

"तुमची वढायची हाय. ही त्या पोराच्या नावाची हाय."

आता दाजी बिडी घेऊन अंगणात निघाले की देवघरापाशी थांबतात आणि आक्काला विचारतात, "पोरगं बरं झालं असंल न्हवं गं?"