विद्याताईंची राहिलेली सही

मंडळी, कुणी बेटाच्या पार त्या टोकाहून, यिशुनहून आलात, कुणी थेट ऑफिसातून. ताईंचा निखिलही आईचे विधी आटोपून परवाच पुण्याहून परतलाय. विद्याताईंचा शेजारी म्हणून मला बोलायला सांगितलंय. एरवी मला थांबवावं लागतं. आज जमेल असं वाटत नाही. सांभाळून घ्या.

ताई इथे मुलाकडे राहायला आल्या, त्याआधी अर्धं आयुष्य अमेरिकेतल्या एका छोट्या गावात गेलं. वाचनालयात नोकरी. नागरिकत्वही तिथलंच. आणि मतदारसंघ असा, की तिथल्या संसदेची निवडणूक आली की एकदा हा पक्ष, एकदा तो. फरक किती? आपल्या एका इमारतीत राहतात तेवढ्या माणसांचा.

मी त्यांना चिडवायचो. म्हणायचो, ताई, इथे आपल्या ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी बसून कॉफी पिता आणि खासदार तिथला निवडता! तुमच्या एका मतानं काय होणार? त्या चिडत नसत. थंडीत प्रचाराला दारोदार फिरलेली बाई ती. म्हणायच्या, एकेका दारात उभी राहून मी लोकांना हेच सांगितलं, मत वाया जात नाही. आता मीच घरी बसू?

या वेळी मतपत्रिका ईमेलनं आली. प्रिंट मी काढून दिली, रॅफल्स प्लेसच्या माझ्या ऑफिसात. ताईंनी चष्मा पुसला, खूण केली, कागद पाकिटात घातला. उरली होती फक्त पाकिटावरची सही. सहीशिवाय मत धरत नाहीत.

आणि मी म्हणालो, "ताई, पितृपक्ष चालू आहे. सही घटस्थापनेला करा."

मंडळी, हे मी म्हणालो. त्या नाही. त्या असलं काही मानत नसत. मी मानतो. आमच्या घरी पितृपक्षात कशावर सही करत नाहीत, फ्लॅटच्या कागदावर नाही, नोकरीच्या नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि पेनला टोपण लावलं. "तुला बरं वाटणार असेल तर थांबते," म्हणाल्या.

थांबल्या. माझ्यासाठी थांबल्या. घटस्थापनेला दोन दिवस होते. सकाळचा चहा घेता घेता त्या गेल्या.

दहाव्या दिवशी निखिलची मुलगी, शाळेमुळे इथेच राहिलेली, ते पाकीट घेऊन माझ्याकडे आली. पोरीला आजीची सही हुबेहूब येते, शाळेच्या फॉर्मवर केलीही असेल. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, आय कॅन साइन लाह. आजी वॉन्टेड टू व्होट." मी म्हटलं, बाळा, तसं चालत नाही, तो गुन्हा होतो. तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाली, "देन व्हाय यू टेल हर टू वेट?"

ते पाकीट मी माझ्या कपाटात ठेवलं.

निखिल माझी समजूत घालतो. म्हणतो, काका, आई मतदानाच्या आधीच गेली, मत बादच झालं असतं. मी नियम शोधून वाचले. काही ठिकाणी बाद करतात. ताईंच्या राज्यात नाही. तिथे वेळेत पोचलेलं मत, माणूस मागाहून गेला तरी मोजतात.

मतदान झालं. मोजणी अजून चालूच आहे. ताईंचा उमेदवार मागे आहे, अगदी थोड्या मतांनी. कधी अंतर वाढतं, कधी कमी होतं. मीटिंगमध्ये असलो तरी टेबलाखाली फोन उघडून बघतो. बघून काय करणार आहे? काहीच नाही. इथून कुणाला सांगू, की एक मत माझ्याकडे आहे, भरलेलं आहे, फक्त सही राहिलीय? कुणाच्या पाया पडू?

आणखी एक सांगायचंय. ते सांगण्यासाठीच उभा राहिलो. आज सकाळी मी देवापुढे बसलो आणि मागितलं, की ताईंचा माणूस मोठ्या फरकानं पडू दे. ज्याच्यासाठी त्या इतकी वर्षं उंबरे झिजवत राहिल्या, तो माणूस. हजारोंनी पडू दे, म्हणजे एका मतानं काही झालं नसतं असं मला म्हणता येईल.

ताई, हे मी मागितलं.

मंडळी, आता आपण उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. मलाही काही म्हणू नका.