नववा डबा

मंडळी, ऐका! आधी मला एक सांगा — जगाचा डाग जो हुबेहूब रंगवतो, त्याला स्वतःचा डाग दिसत नसतो, की दिसूनही रंगवायचा नसतो? बोला की!

भुसावळला पुंडलिक कोल्हे म्हणून गृहस्थ. रेल्वेत मालडबे तपासायचे. चाकं, ब्रेक, हूक बघायचा आणि डबा ठीक असला की खडूनं खूण करायची — ही नोकरी! निवृत्त झाले आणि छोटी मालगाडी बनवायला बसले. वीतभर एकेक डबा! बायको म्हणे, "अहो, जन्मभर खरे डबे पाहिले, हौस फिटली नाही?" नाहीच फिटली!

पण काम अस्सल! आधी साल ठरवलं — सत्त्याहत्तर. त्या सालाबाहेरचा एक खिळा नाही! डब्यांचे नंबरसुद्धा खरे! विटेची पूड, काजळी, चहाचं पाणी... म्हणायचे, "डाग उगाच पडत नाही. पाणी साचतं तिथं गंज, बूट घासतो तिथं लोखंड उघडं." बारांपैकी अकरा डबे गंजवले. नववा तेवढा कोरा करकरीत! कुणी विचारलं, तर "कारखान्यातून नुकताच आलाय."

खोटं, मंडळी! साफ खोटं!

त्या नंबराच्या खऱ्या डब्याचा हूक सत्त्याहत्तर साली झिजलेला होता. पुंडलिकराव वाकलेच नाहीत, उभ्या उभ्या खडू ओढला! यार्डात हूक सुटला, डबा मागं आला आणि रामदास तायडे, डबे जोडणारा शंटिंगवाला, मध्ये चिरडला. चौकशीत पुंडलिकराव म्हणाले, "हूक ठीक होता. रामदासनं नीट अडकवला नसेल." झालं! मेलेला माणूस काय उत्तर देणार?

पुढं गाडीचं प्रदर्शन मांडलं. बघायला आली कोण? रामदासची बायको, यमुनाबाई! काठी टेकत नवव्या डब्याशी थांबली. नंबर वाचला. चौकशीच्या कागदावरचा नंबर तिला पाठ!

"भाऊ, हा नवा व्हता का? त्यांच्या सदऱ्याले तं गंजच गंज व्हता. मीनंच धुतला ना तो."

पुंडलिकरावांनी कानस घेतली. सगळ्यांदेखत तो इवलासा हूक घासला, झिजवला! वर खडूची खूण ओढली — स्वतःची.

"वहिनी, असा होता. मी वाकलो नाही. चौकशीत खोटं बोललो."

"अन् मी चाळीस वर्सं त्यांलेच बोल लावला! पोराले सांगे, बापासारखा धांदरट नको होऊ!"

माफी? नाही दिली! भिंत धरून बाहेर गेली.

तुम्ही म्हणाल, बुवा, शेवट गोड करा. कसा करू? रामदास उठून येतो का? पुंडलिकरावांना हलकं वाटलं असेल, पण ओझं गेलं कुठं? त्या म्हातारीच्या उरावर! खरं बोलायला इतका उशीर केला, की तेही असं मारतं, मंडळी! तुमची चूक ज्याच्या माथी बसलीय, तो राहतो कुठं, ठाऊक आहे ना? मग इथं टाळ्या कसल्या वाजवताय? आरतीला थांबू नका — उठा, त्याच्या दारी जा!