शून्य आणि पाचच्या मधलं टिंब

मी मूळची सानगडीकडची. घरी धानाच्या बांध्या, पाच बहिणीतली मी तिसरी, अन शिकली तेवढी एकटीच. बाबा म्हणत, हिचा हात चिखलात चालत नाई, हिले शिकू द्या. रोवण्याच्या दिवसात बहिणी वाकून रोवत अन मी शेताच्या धुऱ्यावर बसून पाढे पाठ करत राहायची. मंग डी.एड. केलं, सरकारी शाळेत लागली, अन आता पस्तीस वर्षं होत आली, पाचवीचा वर्ग काही सुटला नाई.

काय सांगू तुम्हाले, दशांश शिकवणं सोपं काम नाई जी. लेकरू पाचवीत येते तेव्हा त्याले एवढंच माहीत असते का डावीकडे सरकलं का किंमत दहापट, एकक, दशक, शतक. मंग आपण एक टिंब देतो अन सांगतो, याच्या उजवीकडे सारं लहान होत जाते, आधी दहावा भाग, मंग त्याचाही दहावा भाग. त्याईले पटतच नाई. ०.५ मोठं का ०.२५ मोठं, विचारलं तर सारा वर्ग ओरडते, पंचवीस मॅडम, पंचवीस. मंग बांबूची कमची आणायची, तिचे दहा सारखे तुकडे करायचे, एका तुकड्याचे अजून दहा करायचे, एका हातात पाच मोठे तुकडे द्यायचे, दुसऱ्या हातात दोन मोठे अन पाच बारके, तेव्हा कुठं एखादीचा चेहरा उजळते. याले पंधरा दिवस पाहिजे. घाई केली का गेलं सारं.

अन मी घाई केली. वंदनाच्या वर्गाले केली. वंदना म्हणजे पहिल्या बाकावरची पोट्टी, दोन वेण्या, अक्षर असं का पाहत राहावं. त्या साली मले मतदार याद्याचं काम होतं, घरोघरी फिरून राहिली होती, शाळेत आली का कागदं भरून राहिली होती, अन दशांशाचा धडा तसाच राहिला. शेवटी एका दुपारी फळ्यावर दोन उदाहरणं सोडवून दिली, उतरवून घ्या म्हटलं, अन माझ्या टाचणवहीत लिहून टाकलं, घटक पूर्ण. परीक्षेत तेच दोन गणितं दिली. सारे पास.

पुढे चार-पाच वर्षांनी माझी या गावी बदली झाली, अन अजून चार वर्षांनी इथंच वंदना सून म्हणून आली. मले बोडीच्या, तळ्याच्या पाळीवर दिसली तर डोक्यावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवून पाया पडली, मले लय बरं वाटलं. दहावी शिकलेली सून म्हणून सासूही चार बायात सांगत फिरे. आधी पोरगी झाली, परी, मंग दोन वर्षांनी मुलगा. त्याचं नाव अजून ठेवायचं होतं, बाळ्याच म्हणत सारे.

त्या बाळ्याले ताप आला. डॉक्टरनं थेंबाची शिशी दिली, कागदावर लिहून दिलं, ०.५ मिली, दिवसातून तीनदा. शिशीची मापाची नळी चुलीजवळ पडून वितळली, मंग वंदनानं जुन्या औषधाचं झाकण घेतलं, त्याच्यावर पाचची रेघ होती. तिले वाटलं शून्य तर पहिले आहे, पहिल्या शून्याले किंमत नसते, ते मीच शिकवलं होतं जी, ०५ म्हणजे पाचच. शिशी एका दिवसात सरली. नवऱ्यानं दुसरी आणली, मंग तिसरी. ताप उतरला म्हणून घरचे खुश होते. मंग लेकरू दूध ओढेना, ओकारी करे, डोळे पिवळे झाले. आधी साकोली, मंग भंडारा, मंग नागपूर. तिथं विचारलं, औषध किती दिलं, तर तिनं पदरातला कागद काढून दाखवला, पाच, जसं लिहिलं तसंच दिलं म्हणे.

सहाव्या दिवशी गाडी परत आली. बाळ्या गेला होता.

मी बसायले गेली. सासू कपाळ बडवून म्हणत होती, शिकलेली आणली, शिकलेली आणली अन लेकरू खाल्लं. साऱ्या बाया ऐकून राहिल्या होत्या. माझ्या तोंडाशी आलं का हिचा दोष नाई, माझा आहे. पण मी बोलली नाई. चहा घेऊन उठली. तेच मले अजून टोचते, लेकरापेक्षाही ते टोचते, असं म्हणू नये, पण खरं आहे.

महिन्यानं ती शाळेच्या बोरिंगवर एकटी सापडली. मी म्हटलं, वंदना, तुमच्या वर्गाले मी तो धडा शिकवलाच नाई वो. तिनं गुंड भरू दिला, मंग म्हणे, आठवते मॅडम, तुम्ही म्हटलं होतं, पुढच्या वर्षी येतेच हे, सहावीत. मी विचारलं, मंग सहावीत? ती म्हणे, सहावीत सर म्हणत, हे तर तुमचं पाचवीत झालं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं चुंबळ नीट केली अन गेली.

आता परीले ताप आला का वंदना शिशी घेऊन माझ्या वर्गाच्या दारात उभी राहाते. मी नळी भरून देते, ती दोन बोटात धरून, सांडू न देता घरी नेते. एकदा मी म्हटलं, बस, दहा मिनिटात शिकवते, तुले जमते. तर मागं सरकली. नको मॅडम, म्हणे, मले समजलं तरी माझ्या हातावर माझा भरोसा नाई, तुम्हीच द्या.

यंदा माझी नोकरी सरते. परवा तिले सांगितलं. ती म्हणे, मंग मी कोणाकडे येऊ? मी पोराईकडे तोंड केलं अन कमचीचे तुकडे वाटू लागली. ती बाहेर उभीच होती.

परी निरोगी राहो. दुसरं काही मागत नाई मी.