घरात आणखी कोणाला

प्रेमिला: तं मंग एकटीच काहून आली? धम्मानंद कुठं हाये? तारा?

भावना: तारा शाळेत आहे, आई. सुटल्यावर हे घेतील तिला. मीच म्हटलं, मी एकटी जाते. बँकेत अर्धी सुट्टी टाकली अन् खापरखेड्याची बस धरली. मावशी दिसत नाहीत?

प्रेमिला: कौसल्या नातवाले लस टोचाले घेऊन गेली. बाळाची माय दामिनी पन हाये संगं. येतीनच आता. तू त्या पलंगावर नोको बसू, वं. तिथं मी झोपते. इकडं खुर्चीवर बस.

भावना: पलंगाला काय झालं?

प्रेमिला: काई नाई. चादर धुवाची हाये.

भावना: आणि हे हात? बोटांना भेगा पडल्या सगळ्या.

प्रेमिला: साबनानं होते. इथलं पानी जड हाये. तू सांग, काय काम काढलं? माह्यं काई राह्यलं काय घरी?

भावना: तुम्हाला घ्यायला आले. पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐका, मग यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रेमिला: मी नाई येत, बाई. बहिणीच्या घरी हावो, बरी हावो. लेकरू लहान हाये इथं, कौसल्याले मदत लागते.

भावना: त्या लेकराला तुम्ही हातच लावत नाही म्हणे.

प्रेमिला: कौसल्यानं फोन केला तुले?

भावना: मीच केला होता. त्या म्हणाल्या, प्रेमिला पाहुण्यासारखी राहून राहिली. ताट आपलं आपण वेगळं घेते, आपणच धुऊन ठेवते. बाळ रडलं तरी उचलत नाही, दामिनीला हाक मारते. सुनेशी भांडण झालं काय, म्हणून विचारत होत्या. बस आली म्हणून सांगितलं अन् फोन ठेवला.

प्रेमिला: भांडन कुठं झालं? तू कधी मोठ्यानं बोलली नाई, मी कधी बोलली नाई.

भावना: भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटते आता.

प्रेमिला: हं.

भावना: बोला ना, आई. जे झालं ते एकदा तरी बोला.

प्रेमिला: काय बोलू? ताराच्या वाढदिवसाले मी पुऱ्यांची कणीक भिजवून राह्यली होती. तुह्या बँकेतल्या बाया समोर बसल्या होत्या. तू आली अन् परात माह्या हातातून ओढून घेतली. म्हणे, आई, तुम्ही हात नका लावू. हळूच म्हणे, पन त्या बायांनी ऐकलं. मले वाटलं, पोरगी घाईत हाये. मंग सकाळी पाह्यलं तं खिडकीत माह्यं ताट अन् गिलास वेगळा काढून ठेवेल. धम्मानंद तिथंच दाढी करत होता. त्यानं आरशातून पाह्यलं. मी त्याच्याकडं पाह्यलं, तं त्यानं तोंड धुवाले घेतलं.

भावना: हो.

प्रेमिला: आमच्या गावच्या हॉटेलात माह्या बापाचा कप मागच्या भिंतीच्या भोकात ठेवेल राहे. तो कप काढाचा, आपणच धुवाचा, वरून चहा ओतून घ्यायचा. मी लहान होती, त्याचं बोट धरून जाव. देवाजीसंगं लगन झालं, याच कॉलनीत क्वार्टर भेटलं, सगळ्यांच्या घरी खानंपिनं सुरू झालं. ते सारं मी विसरून गेली होती. इसरली नाई, पन याद येत नोयती.

भावना: माझे आजोबा छप्पनला दीक्षा घ्यायला पायी आले होते. आमच्या घरी जेवताना रोज तेच ऐकलं आम्ही. मला माहीत नव्हतं असं नाही, आई. माहीत असून ते ताट मी खिडकीत ठेवलं.

प्रेमिला: जाऊ दे. लेकरासाठी केलं तू. ताराले किडे पडले होते.

भावना: तेच सांगायला आले. मधात थांबवू नका, नाहीतर माझ्यानं होणार नाही. तारा रात्री झोपत नव्हती, तुम्हाला माहीतच आहे. दात खात होती, पाय आपटत होती. तुम्ही म्हणाल्या होत्या, जंत असतील, गोड कमी द्या, वावडिंग उगाळून देते. मी ऐकलं नाही. आपल्या घरी कुठले जंत, म्हटलं. मग एका सकाळी संडासला बसताना ती रडायला लागली, आग होते म्हणाली. अंघोळीच्या आधी नीट पाहिलं, तर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक तुकडे असावेत तसं काहीतरी होतं. दोराच वाटला मला चड्डीचा. मग तो हलला.

प्रेमिला: अरे राम. भीम, भीम.

भावना: मी तिला चार बादल्या पाण्यानं धुतलं असेल. ती म्हणे, आई, मी काय केलं? संध्याकाळी रामदासपेठेत मुलांच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. हेही होते सोबत. डॉक्टरीण बाई साधं सर्दीपडसं असावं तसं बोलून राहिल्या होत्या. म्हणाल्या, शाळेतल्या मुलांत फार होते हे, घाण घर असलं पाहिजे असं काही नाही. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते म्हणून खाज येते. मूल खाजवते, अंडी नखात जातात, चादरीवर पडतात, तिथून पुन्हा तोंडात. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला खाज आहे काय?

प्रेमिला: हं. मंग?

भावना: मी म्हटलं, सासूबाईंना आहे.

प्रेमिला: माह्यं नाव सांगतलं?

भावना: मला होती, आई. मलाच होती. ताराच्या आधीपासून. मी गर्मीनं होत असेल म्हणत होते, मूळव्याध असेल म्हणत होते. आपल्या मानेवाड्यात ओळखीचे आहेत म्हणून दूरच्या मेडिकलमधून मलम आणून लावत होते. काउंटरवर बसते मी बँकेत. समोर लोकांची लाइन असते अन् माझं खुर्चीवर बसणं होत नाही. कोणाला सांगू? आणि डॉक्टरीण बाईंनी विचारलं तेव्हा हे बाजूला बसले होते. नवऱ्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. कोणाचं तरी नाव सांगायचं म्हणून तुमचं सांगितलं. तुम्ही तिथं नव्हत्या ना.

प्रेमिला: म्हणून धम्मानंद काई बोलला नाई.

भावना: त्यांना खरंच वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, आईला कसं सांगायचं? मी म्हटलं, सांगू नका, तिला वाईट वाटेल, मी पाहते. आणि मग असं पाहिलं. एक खोटं बोलले, ते खरं दिसावं म्हणून परात ओढली, ताट वेगळं केलं. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या, मग पंधरा दिवसांनी परत घ्या, कारण गोळीनं किडा मरतो, अंडं मरत नाही. मी फक्त ताराला दिली. तुम्हाला द्यायची तर तुमच्याशी बोलावं लागलं असतं. मी घ्यायची तर यांना कळलं असतं. तेवढ्यात तुम्ही पिशवी भरली, कौसल्याची तब्येत बरी नाही म्हणाल्या अन् निघाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगून टाकते.

प्रेमिला: अन् ताराले फरक पडला?

भावना: थोडे दिवस पडला. मग पुन्हा तेच. झोपते माझ्याजवळ, घास खाते माझ्या हातचा. वर्गात बाकावर चुळबुळ करते म्हणून बाईंनी तिला मागे एकटीला बसवलं. घरी येऊन विचारते, मला कोणी जवळ काहून नाही बसू देत? तेव्हा मी एकटी गेले डॉक्टरांकडे. सगळं सांगितलं, तुमचंही. त्यांनी मला बोल नाही लावला. म्हणाल्या, औषध सगळ्यांनी घेतल्याशिवाय हे जायचं नाही, आधी घर गोळा करा.

प्रेमिला: धम्मानंदले सांगतलं?

भावना: काल. ऐकून घेतलं त्यांनी. मग उठले, सगळ्या गाद्यांवरच्या चादरी काढल्या, गरम पाण्यात टाकल्या. आईकडे मी जातो म्हणाले. मी म्हटलं, नाही, हे माझं काम आहे. त्यावर म्हणाले, आरशातून मीही पाहिलं होतं.

(प्रेमिला उठते, दाराबाहेर पाहून येते, पुन्हा बसते.)

प्रेमिला: भावना, तुले एक विचारू? तू खरं सांगजो. तू माह्ये कपडे पाह्यले होते काय, धुवाच्या बादलीत?

भावना: नाही. काहून?

प्रेमिला: मंग तुले कसं समजलं?

भावना: काय समजलं?

प्रेमिला: मले होतं ते. हाये. अजूनबी हाये.

भावना: आई.

प्रेमिला: मले वाटलं, तुह्या ध्यानात आलं. म्हणून परात घेतली. म्हणून मी काई बोलली नाई. ताट दिसलं तं राग आला नाई, वं. बापाचा कप डोळ्यांपुढं आला, पन मी मनाले म्हटलं, त्याच्यात तं काईच नोयतं, तुह्यात तं हाये. मी तिचं जेवन भरवत होती, वेणी घालत होती, माह्याजवळ झोपवत होती. माह्याच हातानं माह्या नातीच्या पोटात किडे गेले. आता या उमरीत हे कोनाले सांगाचं? नवरा असता तं सांगतलं असतं. लेकाले सांगू? रात्रभर जागी राहो. म्हणून इथं आली. इथं येऊन पाह्यलं तं दामिनीचं कोवळं बाळ.

भावना: म्हणून हात असे झाले.

प्रेमिला: राखेनं घासते, मंग साबनानं. तरी उचलत नाई त्याले. बाळ हात पुढं करते अन् मी काम असल्यासारखी उठून जाते.

भावना: मी काय करून ठेवलं.

प्रेमिला: तू काय केलं? मले होतंच ना. तं मंग तू खोटं कुठं बोलली डाक्टरले? खरंच निघालं ते. जाऊ दे आता. धम्मानंदलेबी तसंच सांग. आई म्हणे, मलेच होतं. झालं.

भावना: नाही, आई.

प्रेमिला: काहून नाई? तुह्या संसारात कायले मिठाचा खडा टाकते? मी म्हातारी हावो, माह्यं काय जाते?

भावना: मला माहीत नव्हतं ना. माहीत नसताना तुमचं नाव घेतलं, म्हणजे खोटंच बोलले. आता योगायोगानं खरं निघालं तर त्यामागे लपू काय? तुम्ही इथं रात्र रात्र जागल्या, बाळाला हात नाही लावला, ते त्याच नावापायी. आणि कोणापासून कोणाला झालं हे डॉक्टरही सांगू शकत नाही. माझ्यापासून ताराला असेल, शाळेतून ताराला अन् तिच्यापासून तुम्हाला असेल. तुमच्या हातानं गेलं, हे मनातून काढून टाका.

प्रेमिला: काढून टाक म्हटलं तं निघते काय?

भावना: नाही निघत. पण मी म्हणत राहीन.

प्रेमिला: खाज लय वाईट, वं. मानूस सोताच्या आंगाले भेते.

भावना: हो. मी बँकेच्या बाथरूममध्ये रडले होते एकदा.

प्रेमिला: तू बी काय बाई. मले सांगाचं होतं.

भावना: तुम्ही मला सांगितलं?

प्रेमिला: ते बी हाये.

भावना: गोळ्या आणल्या मी. चावून खायची आहे, कडू नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्या सुरू आहेत, तेही विचारून घेतलं, चालते म्हणाल्या. आज रात्री जेवणानंतर आपण सगळे घेऊ, तारा, हे, मी, तुम्ही. उद्या सकाळी उठल्याबरोबर सगळ्यांच्या अंघोळी, कपडे गरम पाण्यात. नखं कापायची. चादरी झटकायच्या नाहीत, गुंडाळून उचलायच्या. हात साबणानं धुवायचे, राखेनं सोलायचे नाहीत.

प्रेमिला: अन् इथलं? मी इथं राह्यली, याच घरात जेवली. या घरच्यायले झालं असन तं?

भावना: म्हणून मावशींनाही सांगावं लागेल. दामिनी अंगावर पाजते, तिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. बाळाचंही डॉक्टरच सांगतील. पण सांगावं तर लागेलच, आई. न सांगता निघून गेलो तर मी जे केलं तेच पुन्हा होईल.

प्रेमिला: कौसल्या माही लहानी बहीण हाये. माह्या लग्नात ती माह्या मागंमागं फिरे. तिले काय सांगू, का मोठ्या बहिणीच्या... माह्यानं होत नाई, भावना.

भावना: मी सांगते. तुम्ही आतल्या खोलीत बसा. माझ्या घरून आलं, माझ्यापासून आलं, असं सांगते.

प्रेमिला: फाटक वाजलं. आली वाटते.

कौसल्या: कोन, भावना? कवा आली, वं? चहा-पानी देल्लं का नाई बहिणीनं? दामिनी मागून येऊन राह्यली, मेडिकलात थांबली. बाळाले सुई लागली, तं किती रडला. घे प्रेमिला, धर याले जरासा, माही पिशवी...

भावना: मावशी, बाळाला माझ्याकडे... नाही, तुमच्याचजवळ असू द्या. तुम्ही आधी बसा. तुम्हाला एक सांगायचं आहे.

कौसल्या: काय झालं? तोंडं काहून अशी केली दोघींनी?

भावना: आमच्या घरी, म्हणजे माझ्यामुळे...

प्रेमिला: थांब, भावना. कौसल्या, मले जंत झाले. खाली खाज येते. म्हणून मी तुह्या नातवाले घेत नोयती. ताराले हाये, भावनाले हाये. तुमच्या घरात बी आलं असन माह्यापायी. औषध हाये त्याचं.

(कौसल्या बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेते, दाराकडे पाहते.)

प्रेमिला: बोल ना काई.

कौसल्या: भावना, ते दार लोटून घे, वं. दामिनी येईन.

भावना: लोटलं, मावशी.

कौसल्या: एखांदी गोळी जास्तीची आणली काय तू?