बादलीभर राख

पार्डो : नाही म्हणजे नाही, बाई. लॉकच्या हौदात अजून चार बोटं पाणी कमी आहे. हौदातलं पाणी वरच्या कालव्याइतकं झाल्याशिवाय वरचं दार उघडणार नाही. तुमची बोट मागे घ्या. बारा वाजता मी या लॉकला कुलूप लावणार.

ज्यून : पण तासभर पाणी घेतोय की आपण.

पार्डो : वरून येतं तेवढं खालच्या दारांच्या फटीतून जातं. पाच आठवडे पाऊस नाही, आज एकोणचाळीस डिग्री. वरचा कालवा मी असा वाहून जाऊ देऊ?

ज्यून : आई, राहू दे. पुढच्या वर्षी येऊ.

लेटी : ऐंशीव्या वर्षी पुढच्या वर्षाचे वायदे करू नयेत. दोन मैलांवर ते चेस्टनटचं झाड आहे. तेवढं बघते नि परत फिरते.

ज्यून : टॅक्सीनं जाऊ.

लेटी : तिथे रस्ता नाही, आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. शिवाय त्या झाडाखालून मी निघाले ती बोटीतून. जाईन तीही बोटीतूनच.

ज्यून : मग त्यांना सांग ना, तिथे तुझा जन्म झाला म्हणून.

लेटी : हळू बोल. पार्डोसाहेब, राख आहे का हो तुमच्याकडे?

पार्डो : राख? रस्त्यावरचं डांबर वितळतंय, बाई. चूल कोण पेटवणार?

लेटी : पबवाले आठवडाभर अंगणात मांस भाजतायत. वास इथवर येतोय. ज्यून, बादली घे नि कोळशाची राख भरून आण.

ज्यून : आई, तुला ऊन तर लागलं नाही ना?

लेटी : नाही लागलं. बाराला अर्धाच तास उरलाय, जा.

(वीस मिनिटांनी. ज्यून घामाघूम, बादली काठोकाठ भरलेली.)

लेटी : तिथे नको. खालच्या दाराला, आतल्या अंगानं. फटीच्या बरोब्बर वर, मूठमूठ टाक. ढकलू नकोस. पाणीच ओढून घेतं तिला.

पार्डो : कालव्यात कचरा टाकायला मनाई आहे.

लेटी : कचरा नाही, बूच आहे ते. कान द्या जरा.

ज्यून : गळण्याचा आवाज कमी झाला.

पार्डो : थांबला की. सात वर्षं इथे आहे मी, आम्हाला कुणी हे सांगितलं नाही. तुम्ही कुठे शिकलात?

लेटी : असंच. कुणीतरी बोललं होतं.

ज्यून : असंच नाही. माझी आई त्या झाडाखाली, मालाच्या बोटीवर जन्मली. नऊ वर्षांची होती तेव्हा मागच्या बोटीचं सुकाणू धरायची. पुढे बाप, मागे ही, आणि मध्ये पन्नास टन कोळसा.

लेटी : ज्यून.

ज्यून : शाळेत सांगू नकोस म्हणालीस, नाही सांगितलं. तुझ्या हातांच्या घट्ट्यांबद्दल कुणी विचारलं तर धुण्याचे म्हटलं. आता मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मला अभिमान वाटतो तुझा, आणि तो मी कुजबुजत सांगणार नाही.

लेटी : तुला काय माहीत. आम्हाला घाणेरडे बोटवाले म्हणायचे. दुकानदार पैसे आधी पाण्यात बुडवून घ्यायचा. वर्गात शेजारी कुणी बसायचं नाही.

पार्डो : माझी आजी होती त्या दुकानदारांतली. आम्हाला सांगायची, त्या पोरांजवळ जाऊ नका. बरं नव्हतं ते.

लेटी : असू दे. आता पाणी सारखं झालंय, नुसते उभे राहू नका. वरचं दार ढकला. हातांनी नाही हो, बँकेत होतात का? दाराच्या दांड्याला पाठ लावा, टाचा रोवा, आणि वाट बघा. दाराला घाई चालत नाही.

पार्डो : हललं.

लेटी : हलणारच.

पार्डो : जाऊन या. तुम्ही परत येईपर्यंत कुलूप लावत नाही. उरलेली राख तेवढी माझ्याकडे ठेवा.

लेटी : ठेवा. आणि बोटींची नोंद करता ती वही आणा. ‘कुठून आलात’समोर मघाशी काय लिहिलंत?

पार्डो : तुम्ही सांगितलं तेच. लेटी क्रेडॉक, कॉव्हेंट्री. चुकलं का?

लेटी : मीच चुकीचं सांगितलं. खोडा ते. इथली म्हणून लिहा.