उलट्या रंगांचा जोड

जुमागुल : स्पष्ट सांग, मेदेर. गेलं का सगळं?

मेदेर : गेलं नाही, जुमागुल एजे. कुलूप लागलंय. चित्रं काढायचं ते सॉफ्टवेअर चोरीचं. बाजारातल्या सीडीवरून मीच टाकून दिलेलं. आता ते किल्ली मागतंय.

जुमागुल : मग दुसरी चोरीची सीडी टाक. दरवेळी टाकतोसच की.

मेदेर : टाकतो. आणि दर हिवाळ्यात तुम्ही हे कम्प्युटरचं धूड मांडीवर घेऊन कोचकोर गावाहून मार्शरुत्का व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसता. मागच्या खेपेला तर व्हायरस त्या सीडीतूनच आला. कंटाळलो मी, एजे. खरंच.

जुमागुल : तू कंटाळलास! माझ्या मांड्यांना विचार.

मेदेर : चहा घ्या आणि ऐका. हल्ली मी लोकांना मुक्त सॉफ्टवेअर टाकून देतो. फुकट आहे आणि चोरीचंही नाही. शाळेतल्या बाईंनी घेतलं, गोदामाच्या हिशेबनिसाने घेतलं. इमामसाहेब तर स्वतः मागायला आले.

जुमागुल : त्यांना चोरीचं पाप नको असेल.

मेदेर : त्यांना नवीन मशीन घ्यायचं नव्हतं. शहाणपण सुचून कुणी येत नाही हो. सगळे थकून येतात.

जुमागुल : चोरीचं होतं तेव्हा निदान मालक कोण ते तरी ठाऊक होतं. हे फुकट वाटणारा कोण?

मेदेर : कुठली कुठली माणसं. लिहितात, सोडून देतात.

जुमागुल : आणि त्यांच्या पदरात काय पडतं?

मेदेर : आता कसं सांगू... तुम्ही शिर्दाक गालिचे करताना लाल लोकरी नमद्यावर निळा ठेवून दोन्ही एकदमच कापता ना? सुरी एकदाच फिरते, लाल नक्षी निळ्यात बसते, निळी लालात, आणि गालिचे दोन होतात. दुसरा कुणाला तरी देताच की.

जुमागुल : (कप खाली ठेवून) आईने दिला होता. शेवटचा. लाल जमिनीचा मला, निळ्या जमिनीचा बुबुशला, माझ्या बहिणीला. त्यानंतर आईच्या हातात सुरी राहीना. ती बोटाने हवेत नक्षी काढायची आणि मी इथे माउसने. त्या शेवटच्याचीसुद्धा काढून घेतली. आई गेली, आता एवढंच आहे. म्हणून तर हे धूड वाहते.

मेदेर : थांबा. तुमची फाइल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टाकलीय. उघडतंय... आली बघा नक्षी.

जुमागुल : हीच. ही शिंगं तिचीच. पण रंग कुठायत?

मेदेर : रेघा आल्या, रंग नाही आले. जुन्या फाइली या नव्यात पूर्ण उघडत नाहीत. घरच्या शिर्दाकवरून भरा तुम्ही.

जुमागुल : तो घरात नाही.

मेदेर : म्हणजे?

जुमागुल : विकला. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. फिरायला आलेली एक बाई घेऊन गेली. बुबुशला मी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून ती माझ्या दारात आली नाही आणि मी तिच्या.

मेदेर : चोरीचंच परत टाकू का? त्यात रंग येतील बहुतेक.

जुमागुल : आणि हिवाळ्यात परत कुलूप.

मेदेर : हो.

जुमागुल : नको बाबा. दमले मी. रंग तिच्याकडे आहेत. तिच्याकडे निळं ते माझं लाल, लाल ते निळं. बघून आले की झालं.

मेदेर : बघू देतील त्या?

जुमागुल : काय माहीत. तिचाही कम्प्युटर सारखा बंद पडतो म्हणे. लोक सांगतात. हे तिच्या मशीनवर टाकलेलं चालतं का?

मेदेर : हव्या तितक्या मशीनवर टाका.

जुमागुल : मग पेनड्राइव्हवर दे. आईची नक्षीही घाल त्यात, सगळी. नंतर कुणी विचारायला येणार नाही ना?

मेदेर : कुणी नाही विचारणार, एजे.

जुमागुल : ती विचारेल. इतकी वर्षं कुठे होतीस म्हणून.